बेटावरची फेलोशिप

नुआलाचा मुलगा कोरमॅक आयर्लंडमधलं त्यांचं छोटं बेट सोडून ऑस्ट्रेलियात पर्थला गेला, त्याला सहा वर्षं झाली. ‘घरी ये रे’ म्हटलं की त्याला नेमकं काहीतरी काम निघायचं. एकदा मात्र तो हसत म्हणाला, “पगार देऊन पीएचडी करू देणारं कुणी शोध, उद्या येतो!”

नुआलानं ते मनावर घेतलं. आयर्लंडमधल्या एकेका विद्यापीठाच्या जाहिराती ती रोज फोनवर चाळू लागली. दोन हिवाळ्यांनंतर एक सापडली. तरुण मुलं बेट सोडून का जातात, यावर संशोधन. चार वर्षांची फेलोशिप, आणि मुक्काम चक्क तिच्याच बेटावर! तिनं ती लगेच कोरमॅकला पाठवली.

“कमाल आहेस गं आई!” त्याचं उत्तर आलं. तिनं त्याची खोली रंगवून घेतली.

सप्टेंबरात फेरीबोटीतून उतरून लाल रेनकोटातली एक मुलगी थेट दारात आली. “मी क्लीओना. संशोधनासाठी आलेय.” चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हो म्हणाली, आणि तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला.



“जाहिरात मला कोरमॅकनंच पाठवली. म्हणाला, आईपासूनच सुरुवात कर, तिला बोलायला कुणीतरी हवंच आहे.”