नायिफचं बोलकं घर

हाजी फव्वाझनं कॉफीचा कप न पिताच ट्रेवर परत ठेवला. त्याच्या पाठोपाठ बाकीच्या म्हाताऱ्यांनीही ठेवले.

“अबू रकान, आमच्या यझनसाठी तुझी लुजैन मागायला आलोय. तू हो म्हटल्याशिवाय या कॉफीला तोंड लावणार नाही.”

रीत अशीच होती. मुलीच्या बापानं ‘कॉफी प्या’ म्हटलं की लग्न ठरलं. सॉल्ट गावातल्या त्या दिवाणखान्यात बसलेल्या प्रत्येकाला वाटत होतं, अबू रकान, म्हणजे रकानचा बाप नायिफ, आता तेच म्हणणार. नायिफ मात्र नकार द्यायला बसला होता. सगळ्यांच्या देखत, फव्वाझच्या तोंडावर.

राग मुरलेला होता. नायिफनं सगळं घर नव्या यंत्रांनी भरलं, तेव्हा याच फव्वाझनं भर लग्नात विचारलं होतं, “घराला अक्कल आली म्हणे. नायिफला कधी येणार?” सगळा मांडव हसला आणि नायिफच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या यंत्रांना हसलेलं त्याला मुळीच खपत नसे. फव्वाझच्या पुतण्यावर, यझनवर, लुजैनचा जीव जडलाय, हे कळल्यावर तर त्याला आयतीच संधी मिळाली. बायको उम रकान विनवत राहिली, “तुमच्या रागापायी पोरीचा जीव का जाळता?” त्यानं ऐकलं नाही.

घर त्याचं बोलत होतं खरं, आणि तेही त्याच्याच आवाजात. दार उघडं राहिलं तर खेकसायचं. कपडे धुऊन झाले की हाका मारायचं. “एक होता तोच पुष्कळ होता,” असं उम रकान शेजारणींना सांगायची. आज फव्वाझची जिरवायची म्हणून नायिफनं सगळ्यात नवा ट्रे काढला होता. वरचे कप गार व्हायला लागले की त्या ट्रेला कळायचं.

नायिफनं मुद्दाम वेळ घेतला. फुटू दे घाम फव्वाझला. पलीकडच्या खोलीत बायका श्वास रोखून उभ्या होत्या, त्यांत लुजैनही होती. अखेर तो खाकरला, आणि तेवढ्यात छतातून त्याचाच आवाज आला.

“गार होतेय, मंडळी. कॉफी प्या. घर तुमचंच आहे.”

पलीकडे बायकांनी एकदम आनंदाचा गलका केला. इकडे दोन म्हाताऱ्यांनी कप तोंडाला लावलेसुद्धा.

“खाली ठेवा ते कप.” नायिफ ताडकन उठला.

गलका थांबला. फव्वाझनं उचललेला आपला कप हातातच धरला.

“ठेवतो. पण आधी सांग, आत्ता बोललं ते कोण? तू, की तुझं यंत्र? यंत्र असेल, तर आम्ही उठतो. गावात एवढंच सांगू, की नायिफच्या घरात सोयरीक यंत्र ठरवतं, नायिफला कुणी विचारत नाही.”

कोपऱ्यात कुणीतरी हसू दाबलं. नायिफनं दात आवळले. छताकडे पाहिलं, फव्वाझकडे पाहिलं.

“या घरात माझ्याशिवाय कुणाची बोलायची हिंमत नाही,” तो गरजला. “प्या म्हटलं ना मी? मग प्या मुकाट्यानं.”