मी दिसू नये म्हणून

देवाने माझी प्रार्थना ऐकली. तसं काही घडलेलंच नाही, असं मी धरून चाललोय.

चर्चमध्ये गाणी सुरू करण्याआधी मी दर रविवारी माईकवर म्हणतो, "प्रभू, मी दिसू नये, तूच दिसावास." हे म्हणताना माझा चेहरा फार छान दिसतो. आरशासमोर सराव करून बसवलाय तो.

या रविवारी हे म्हटलं आणि स्टेजवरचं धुराचं मशीन अडकलं. ते मीच हट्टाने आणवलेलं. बंदच होईना. पहिल्या कडव्याला माझी गिटार दिसेनाशी झाली, दुसऱ्याला नवं जॅकेट, तिसऱ्याला अख्खा मी. खोकून खोकून मी गायचा थांबलो. गाणं मात्र थांबलं नाही. समोर लोकच गात होते, कोणी सुरात, कोणी कसंही, पण माझ्या अंगावर काटा आला.

बाहेर आत्या डोळे पुसत उभी होती.

"धूर गेला का गं डोळ्यांत?"

"धूर कसला? डोळे मिटून गात होते मी, किती दिवसांनी! आणि तू रे मध्येच कुठे उलथलास? तू गेलास आणि काय मन लागलं सगळ्यांचं!"

तरी, हे प्रभू, सदर प्रार्थना रद्द समजून अर्जदारास पुढील रविवारपासून निदान खांद्यापर्यंत दिसू द्यावे, ही नम्र विनंती.