बत्तीस खुणा

सावली गावाजवळच्या रंगाच्या कारखान्यात चौऱ्याण्णव साली फाटकावर एक जुनापुराणा कॉम्प्युटर बसला, पण त्याची मेमरी अगदी नखाएवढी. त्यात बत्तीस कामगारांची नावं मावेनात, म्हणून तो सांभाळायला बडोद्याहून आलेल्या अनुजने डोकं लढवून प्रत्येकाला एक नंबर दिला आणि माणसागणिक एकच खूण ठेवली. बाहेर पडताना ज्याने-त्याने आपला नंबर दाबायचा. एखादा नंबर राहिला किंवा दोनदा आला, तर मशीन बोंब ठोकणार.

एके दिवशी ऐन पाळी सुटताना रंग घोटायच्या विभागात आग भडकली. दारं लावून आत गॅस सोडला की आग विझणार होती, पण आत कुणी राहिलाच, तर तोही गुदमरणार होता. मॅनेजर भास्करराव खटक्यावर हात ठेवून ओरडले, "अनुज, सगळे आले का? नक्की सांग!"

अनुजने पडद्यावरच्या खुणा दोनदा तपासल्या. एक ते बत्तीस, प्रत्येक नंबर आलेला, आणि एकदाच आलेला.

"सगळे बाहेर आहेत, साहेब."

दारं लागली. गॅसचा फुत्कार फाटकापर्यंत ऐकू आला, तेव्हा कुठे अनुजने श्वास सोडला. इतक्यात गर्दीतला एक कामगार, माधव, पुढे आला.

"साहेब, सतरा नंबर दत्तूचा... तो आतल्या मोरीत अंघोळ उरकेपर्यंत त्याचा नंबर रोज मीच दाबतो. आजही सवयीने हात गेला."