कॅमेऱ्यासमोर कोण होतं?

वरूडच्या संत्रा पॅकिंग शेडचा मॅनेजर गजेंद्र सकाळी मोबाइलवर रात्रीचं फुटेज बघत होता. कॅमेऱ्यासमोरून काहीतरी मोठं, धूसर सरकून गेलेलं दिसलं. त्यानं चौकीदाराला फोन लावला.

"श्रावणभाऊ, रात्री कॅमेऱ्यासमोर कोण होतं?"

"कोळी व्हता, साहेब."

गजेंद्रनं त्याच सकाळी हमाल धर्मेंद्र कोळीला कामावरून काढलं.

"काहून, साहेब? मी काय केलं?"

रात्री शेडमध्ये शिरणाऱ्या चोराला कारण कशाला सांगायचं, म्हणून गजेंद्रनं त्याला नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं. पण ते 'काहून' त्याच्या कानातून जाईना. धर्मेंद्रचा घाम पुसायचा दुपट्टा शेडमधल्या खिळ्याला तसाच लटकत होता, आणि येता-जाता गजेंद्र तिकडे बघायचं टाळायचा.

पुढच्या आठवड्यात संत्र्यांच्या पेट्यांमध्ये जाळी निघाल्याची तक्रार आली, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. शिडीवर चढून त्यानं कॅमेऱ्यावरचं जळमट ओढलं, तसं लेन्सवर दडून बसलेलं काहीतरी भिंतीवरून सुळकन पळालं.

खाली शिडी धरून उभा असलेला श्रावण हसला.



"हाच तो कोळी, साहेब! त्या दिवशी फोनवर सांगतलं नव्हतं का तुमाले?"