फक्त पंचविशीच्या आतले

निवृत्त हेडक्लार्क पुतण्याचा फोटो लावून त्या ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन झाला होता. नियम दोनच: वय पंचवीसच्या आत आणि खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही. फुलांसकट ‘शुभ सकाळ’ धाडणारा दिसला, की तो त्याला तिथल्या तिथे हाकलायचा. “हे थेरडे जातील तिथे घाण करतात!”

आज कुणीतरी विचारलं, ‘गुडघ्याला कुठलं तेल लावता?’ त्याचं डोकंच फिरलं. पोस्ट उडवायला बोट उचलेपर्यंत खाली चाळीस उत्तरं आली, तीही किती वेळ चोळायचं त्यासकट. तो सगळी वाचत बसला.

“काय म्हणते तुमची तरुण मंडळी?” बायकोने विचारलं.

“एकजात खोटारडी,” तो गुडघा दाबत म्हणाला. “तेल मात्र कोमट करून लावायचं म्हणतात. आण जरा.”