सगळ्यात स्वच्छ दूध

गेल्या हिवाळ्यात आमच्या उत्तर ध्रुवाकडच्या गावी येऊन दक्षिणेतल्या डॉक्टरीणबाईंनी माझं दूध बाटलीत भरून नेलं होतं. "शहरातल्या बायकांच्या दुधाशी ताडून बघायला जगातलं सगळ्यात स्वच्छ दूध हवंय," म्हणाल्या. आज त्या मान खाली घालून बसल्या. त्यांच्याकडच्या कारखान्यांचं विष वाऱ्यावरून समुद्रात, देवमाशाच्या चरबीत, तिथून माझ्या दुधात उतरलं होतं, शहरातल्यापेक्षा पाचपट. मी थक्क झाले. एवढ्या लांबून आमच्याकडे फक्त रानहंस येतात. "पाजू की नको?" "पाजा. तरीही आईचंच दूध बरं. चरबी कमी खा." शेजारी देवमाशाची चरबी कापणारी माझी आई फिस्कारली, "विष तुमचं आणि पथ्य आमचं?" आम्हा इनुइटांत गेलेलं माणूस नावातून परत येतं; लेकीला तिच्या पणजीचं, म्हणजे माझ्या आईच्या आईचं, नाव दिल्यापासून आई तिला आईच म्हणते. सुरी ठेवून तिनं बाळाला उचललं. "आई, तू मला स्वच्छ पाजलंस गं. आम्ही तुला हे पाजतोय."