उजवीकडची पट्टी

"कान दुखतोय," म्हणत लेकीने ऐकण्याचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"शाळेची वेळ झाली की बरा दुखतो!" आईने ते परत तिच्या कानात बसवलं. लेक बोलायला लागली ती या यंत्रामुळेच. ते बाहेर राहिलं तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात, या धास्तीने आईचा जीव कायम टांगणीला. शिवाय कानात बसणारा मऊ साचा ज्या प्लॅस्टिकचा होता, ते तिनेच तपासून पास केलेलं. त्याला नावं ठेवलेली तिला खपत नसत.

आईच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी आलेले एक निवृत्त बँडवाले शर्ट काढून, पालथे पडून तयारच होते. "पाठ माझी, खाज माझी, कौतुक तुमचं," ते म्हणाले.

साच्यांसाठी बाजारात नवं, स्वस्त प्लॅस्टिक आलं होतं. माणसांच्या पाठीवर नव्याची आणि जुन्याची अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या होत्या. दिसायला दोन्ही सारख्याच. कोणती कुठे, ते फक्त साहेबांना ठाऊक. पूर्वी दोन दिवसांत पट्ट्या काढत. या खेपेला साहेबांनी हट्टाने आठवडाभर ठेवायला लावल्या होत्या.

तिने पट्ट्या हलकेच सोडवल्या. डावीकडची कातडी स्वच्छ. उजवीकडे लालभडक, वर बारीक फोड.

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"उजवीकडे आग व्हायची. पण म्हटलं, बाई म्हणतील नखरे करतोय."

बाकीच्यांच्या पाठीवरही तेच निघालं. त्यांची कीव आली, तरी मनातून तिला हायसं वाटलं. जुनं ते सोनं, दुसरं काय.

तेवढ्यात शाळेतून बाईंचा फोन आला. "तिने परत यंत्र काढलंय. रडतेय. घेऊन जाता का?"

"रोजचंच नाटक आहे तिचं. घालायला लावा. नाहीच ऐकलं तर वरून चिकटपट्टी लावा, पण बाहेर राहू देऊ नका."

"बघा बुवा. लावते."

फोन ठेवून ती साहेबांच्या खोलीत गेली.

"नवं नापास, साहेब. उजवीकडचं कुणाच्या कानात घालायच्या लायकीचं नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"नवं डावीकडे होतं, बाई."